बाळोते, दुपटे आणि निर्विष कापूस : एका गृहोपयोगी वस्त्राची वाटचाल

प्रवरेच्या काठावरील नेवासे हे गाव अवघ्या महाराष्ट्राला ज्ञानेश्वरीमुळे ज्ञात आहे. त्याच गावाच्या पांढरीच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून उत्खनन केले. ताम्रपाषाण युगातील त्या वस्तीत लहान मुलांचे दफन घरातच, जमिनीखाली, मातीच्या कुंभांत करण्याची चाल होती. अशाच एका बालकाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी ज्या दोऱ्यात ओवले होते, तो दोरा तांब्याच्या क्षारांमुळे मातीत मिसळून जाण्यापासून वाचला होता. तज्ज्ञांनी तपासणी केली तेव्हा त्यात रेशमाबरोबर कापसाचे तंतू आढळले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा हा धागा महाराष्ट्रातील कापसाच्या अतिप्राचीन पुराव्यांपैकी एक होय, आणि तो सापडला तो राजाच्या शेल्यात नव्हे, एका बालकाच्या गळ्यात.

कापसाचे नाते भारतभूमीशी त्याहूनही जुने आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नवाश्मयुगीन थडग्यातील तांब्याच्या मण्यात कापसाचे तंतू मिळाले, त्यांचा काळ इसवी सनापूर्वी सहावे सहस्रक असा सांगितला जातो. मोहेंजोदडोचे सूत तर शालेय पुस्तकांतूनही परिचित झाले आहे. दोन्ही ठिकाणी, नेवाशाप्रमाणेच, धातूच्या सहवासात म्हणूनच हे तंतू राहिले. एरवी वस्त्र हे मातीतून येते आणि मातीत जाते, त्यामुळे त्याचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती फार थोडे लागते. आज बाजारात ‘सेंद्रिय कापसाचे’ म्हणून नवजात बालकांचे कपडे, चादरी, टॉवेल व पडदे मोठ्या मोलाने विकले जातात. त्या शब्दामागे जी वस्तू आहे ती नवी नाही, नवे आहे ते तिचे नाव. ती मध्यंतरी हरवली कशी आणि पुन्हा आली कोणत्या वाटेने, हे पाहण्याजोगे आहे.

त्रिरश्मीवरील हिशेब

नाशिक रोडच्या रहिवाशांना त्यासाठी फार दूर जावयास नको. मुंबई-आग्रा महामार्गालगत त्रिरश्मी डोंगरावर जी पांडवलेणी आहेत, त्यांतील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख कोरलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील हा लेख धर्मदानाचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु कापडाच्या व्यापाऱ्याने तो वाचावा तो त्यातील जमाखर्चासाठी.

उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची अक्षयनिवी, म्हणजे आजच्या भाषेत कायम ठेव, ठेवली. ही रक्कम त्याने कोणा सावकाराकडे ठेवली नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा, अशी अट आहे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासासाठी लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावयाचे होते. हिशेब करून पाहावा : दोन हजारांवर दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, तेही दोनशे चाळीसच. एका कार्षापणाची चूक नाही. दसादशे बारा आणि नऊ असा दर पडतो, त्याचा आजच्या कोणत्याही विश्वस्ताला हेवा वाटावा. शिवाय हे दान निगमसभेत वाचून दाखविले गेले आणि फलकावर त्याची नोंद झाली, असेही लेख सांगतो.

या लेखात कापसाचे नाव आलेले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु नाशिकच्या परिसरातील विणकर इतके संघटित आणि इतके विश्वासार्ह होते की पिढ्यानपिढ्यांची ठेव त्यांच्या स्वाधीन करावी असे राजजामाताला वाटले, ही गोष्ट लहान नव्हे. साधारण त्याच काळातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून साधे जाडेभरडे कापड आणि तलम मलमल भडोच बंदराकडे गाड्यांनी जात असल्याचे लिहिलेले आहे. महाराष्ट्राचे कापड अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी समुद्रापार जात होते, आणि ते ज्या कापसाचे होते त्या कापसाला शेणखत आणि पाऊस यांखेरीज दुसरे काही ठाऊक नव्हते.

एका लुगड्याचे आयुष्य

राजांचे शिलालेख राहिले, घराघरांतील वस्त्रव्यवहार मात्र कोणी कोरून ठेवला नाही. तो जगला तो आजी-पणजींच्या हातांतून. महाराष्ट्रात नवजात बालकाला नवे कोरे कापड लावीत नसत. आजोबांचे जुने धोतर, आजीचे नऊवारी लुगडे, शेकडो वेळा धुऊन लोण्यासारखे मऊ झालेले, फाडून त्याची बाळोती आणि दुपटी करीत. नवे झबले, टोपडे, कुंची हे सारे बारशाला, बाळंतविड्यात यावयाचे. या चालीमागे वडीलधाऱ्यांचे आयुष्य बाळाला लाभावे अशी भावना होती, आणि भावनेच्या पोटात व्यवहारही होता. मागावरून उतरलेल्या कापडाच्या ताण्याला खळ असते. ती खळ, त्यातील कोंडा, सुताच्या गाठी, नव्या रंगाचा कच्चेपणा, हे सर्व जुन्या कपड्यातून धुण्याबरोबर निघून गेलेले असते. ज्याला आज ‘त्वचेला सुरक्षित’ म्हणतात, ते कापड त्या काळी दुकानातून येत नसे, पेटीतून येत असे.

दुपटे झाल्यावरही लुगडे संपत नसे. थोडे धड राहिलेले तुकडे गोधडीच्या थरांत जात. त्यावर बारीक धावदोरा पडे आणि वरच्या थराला सणासुदीच्या साडीचा काठ लागे. गोधडीतून उरलेले पोळ्यांच्या डब्यातील फडके होई, पुढे मसोते, पायपुसणे आणि अखेरीस पोतेरे. एखादी चिंधी निरांजनाच्या फुलवातीला नसली तरी चुलीच्या काकड्याला उपयोगी पडे. घरातील कोणतेही वस्त्र कचऱ्यात गेल्याचे त्या पिढीला स्मरत नसेल.

पाणी गाळण्याचे गाळणे हेही याच कुळातले. दुहेरी, घट्ट विणीच्या सुती कापडातून पाणी गाळल्यावाचून ते वापरावयाचे नाही, हा नियम जैन घरांत शतकानुशतके पाळला गेला, तो सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी म्हणून. २००३ साली या आचाराला एका वेगळ्याच दिशेने पुष्टी मिळाली. बांगलादेशातील खेड्यांत अमेरिकन शास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या घड्या घालून पाणी गाळण्याचा प्रयोग केला, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्यात एक निरीक्षण विशेष आहे. नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक चांगले गाळते, कारण वारंवार धुण्याने सुताचे तंतू सुटून विणीची छिद्रे अधिक बारीक होतात. आजीच्या बाळोत्याचे आणि गाळण्याचे शास्त्र शेवटी एकच निघाले.

गाठी, आगगाडी आणि १८६३ चा कायदा

खानदेशचा कापूस पूर्वी मुंबईस जाई तो बैलगाड्यांनी, आग्रा रस्त्याने, नाशिकवरून थळ घाट उतरून. पावसात गाड्या चिखलात रुतत, गाठी भिजत, वाटेत माती मिसळे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा याच कापसाला सोन्याचा भाव आला. लोहमार्ग खानदेशकडे सरकत होताच. परंतु थळ घाटातील अवघड काम पुरे होऊन गाडी घाट चढू लागली ती १८६५ च्या जानेवारीत, आणि युद्ध संपले ते त्याच वर्षाच्या वसंतात. तेजी गेली, मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या, लोहमार्ग मात्र राहिला. ‘नाशिक रोड’ हे स्थानक, आणि त्याच्याभोवती वाढलेली ही वस्ती, त्या लोहमार्गाचे अपत्य होय. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाच्या गाठी येथून मुंबईकडे रवाना झाल्या आणि मँचेस्टरचे, पुढे मुंबई, नागपूर, अमळनेरच्या गिरण्यांचे कापड येथे उतरू लागले.

त्या तेजीच्या काळातील एक प्रकरण या लेखाच्या पुढील भागासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. भाव चढताच कापसात माती, सरकी, पाणी, हलक्या जातीचा कापूस यांची भेसळ इतकी वाढली की १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातील लबाडी रोखण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. म्हणजे कापसाच्या शुद्धतेचा प्रश्न सेंद्रिय शेतीबरोबर आला असे समजण्याचे कारण नाही.

नाशिक रोडचे कापसाशी आणखी एक नाते आहे, त्याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. १९२५ मध्ये येथे इंडिया सिक्युरिटी प्रेसची आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेसची स्थापना झाली. नोटेचा कागद लाकडाच्या लगद्याचा नसतो, तो कापसाचा असतो. म्हणूनच ती हजारो हातांतून फिरते, खिशात घामेजते, धोब्याकडे जाऊनही परत येते. कापसाचा तंतू ओला झाल्यावर कमकुवत न होता उलट अधिक बळकट होतो, हा त्याचा गुण. बाळोते रोज उकळत्या पाण्यात घालून, आपटून धुतले तरी वर्षभर टिकते ते याच गुणामुळे.

वीण सैलावली ती कशी

स्वातंत्र्याच्या आगेमागे कापडाची टंचाई होती. १९४३ च्या नियंत्रण आदेशानंतर कंट्रोलच्या कापडासाठी लागलेल्या रांगा जुन्या लोकांना आठवत. पण जे मिळे ते सुती. मादरपाट, नैनसुख, मलमल, लंकलाट, फलालीन ही नावे गृहिणींना तोंडपाठ होती. मादरपाटाचे मूळ मद्रासपट्टणाच्या नावात सांगितले जाते, लंकलाट म्हणजे ‘लाँग क्लॉथ’. साठीच्या दशकानंतर टेरिलीन व टेरिकॉट आले. न चुरगळणारे, लवकर वाळणारे, वर्षानुवर्षे न फाटणारे हे कापड मध्यमवर्गाने उत्साहाने स्वीकारले आणि त्यात नवल काही नाही, इस्त्रीचा आणि धुण्याचा त्रास ज्याने सोसला त्यालाच त्याची किंमत कळते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणीचे स्वस्त आणि भरवशाचे सुती कापड हळूहळू बाजारातून दिसेनासे झाले, आणि त्याची जागा मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांनी घेतली. बहुतेक ठिकाणी सुतात पॉलिस्टरची मिसळ झाली. न चुरगळणारी साडी नेसणाऱ्या घरात दुपट्यासाठी जुने लुगडे कोठून मिळणार? पेटीतील पुरवठाच बंद झाला आणि बाळाचे कापड प्रथमच सर्वस्वी दुकानावर अवलंबून राहिले.

शेतातील बदल याहून खोल होता. महाराष्ट्राच्या काळ्या जमिनीत पूर्वी गावरान कपाशी होती. तिचे बोंड लहान, धागा आखूड आणि जाडसर. खानदेशातील जरीला ही जात तर एके काळी मुंबईच्या कापूस बाजारात वायद्याचे प्रमाण मानली जाई. यंत्राला लांब धागा हवा होता, म्हणून अमेरिकन जातींना प्रोत्साहन मिळाले. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी ‘एच-४’ हा संकरित कापसाचा वाण काढला, जगातील पहिला. उत्पन्न वाढले, धागा सुधारला, भारताची परदेशी कापसावरील भिस्त कमी झाली. हे श्रेय नाकारता येणार नाही. पण संकरित वाणाला खत अधिक लागे, पाणी अधिक लागे, आणि तुडतुडे व बोंडअळीला तो सहज बळी पडे. गावरान कपाशी ज्या किडींना फारशी जुमानीत नसे, त्यांच्यासाठी आता फवारणी आली. १९९० च्या दशकात देशातील लागवडीखालील क्षेत्राच्या अवघ्या ५ टक्क्यांच्या आसपास असलेले हे पीक एकूण कीटकनाशकांपैकी जवळजवळ निम्मी रिचवीत होते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीवरील फवारणी काही वर्षे खरोखरच घटली. परंतु रस शोषणाऱ्या किडी वाढल्या, पुढे गुलाबी बोंडअळीही बीटीला सरावली, आणि फवारणीचे पंप पुन्हा पाठीवर चढले.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले, काहींच्या दृष्टीवर परिणाम झाला. त्या वर्षी झाडे पुरुषभर उंच वाढली होती. फवारा डोक्याच्या वर मारावा लागे आणि तो अंगावरच येई. त्या हंगामातील तो कापूस जिनिंगमध्ये गेला, त्याचे सूत झाले, कापड झाले, आणि त्यातील काही कोठे तरी बाळाच्या झबल्यापर्यंत पोहोचलेच असेल. झबले शिवणाऱ्याला वा विकणाऱ्याला त्याची वार्ता असण्याचे कारण नव्हते. सेंद्रिय कापसाचा विचार करताना बाळाच्या कातडीइतकीच ही गोष्टही डोळ्यांसमोर असावी.

सेंद्रिय कापसाची पुनर्वाट

रसायनाविना कापूस पुन्हा पिकवून दाखविण्याचे संघटित प्रयत्न १९९० च्या दशकात सुरू झाले. खानदेशाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील निमाडमध्ये, खरगोन जिल्ह्यात, १९९१-९२ च्या सुमारास ‘मैकाल’ प्रकल्प उभा राहिला. एक सूतगिरणी आणि स्वित्झर्लंडमधील सुताचा एक व्यापारी यांनी मिळून शेतकऱ्यांना खरेदीची हमी दिली. त्याच दशकात विदर्भात, विशेषतः यवतमाळ परिसरात, सेंद्रिय शेतकऱ्यांचे संघ स्थापन झाले. २००४ पासून ‘चेतना ऑरगॅनिक’ या उपक्रमाने विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्यांना यात आणले. वर्ध्यात तर याचे बीज आधीच होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते सुरू झालेल्या मगन संग्रहालयाने पुढील काळात सेंद्रिय कापसाची, वनस्पतिजन्य रंगांची खादी करण्याचे काम हाती घेतले.

ही शेती म्हणजे काहीही न करता पीक घेणे नव्हे, उलट तिला डोळ्यांत तेल घालून राबावे लागते. कपाशीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद, ज्वारी. कडेला किडीला भुलविणारा झेंडू आणि भेंडी. पाच टक्के निंबोळी अर्काची फवारणी, दशपर्णी अर्क, कामगंध सापळे, शेणखत, गांडूळखत. फरदड न ठेवणे हे तर सर्वांत महत्त्वाचे, कारण गुलाबी अळीचे ते माहेरघर. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी दोन ते तीन वर्षांचा संक्रमणकाळ काढावा लागतो. त्या काळात उत्पन्न उतरते आणि भाव मात्र साध्या कापसाचाच मिळतो. बहुतेक शेतकरी गळतात ते येथेच. त्यात आणखी एक अडचण अशी की देशातील कपाशीचे ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेल्याने बिगर-बीटी बियाणे मिळणे हेच मुश्किल झाले. जिनिंगमध्ये यंत्र साफ न करता गाठी बांधल्या, तर १७० किलोच्या एका गाठीत दोन शेतांचा कापूस मिसळतो आणि तीन वर्षांचे कष्ट वाया जातात.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून शेतातील प्रमाणीकरण पाहतो. पण शेत शुद्ध असले तरी कापड शुद्ध राहीलच असे नाही. सूत, रंगाई, धुलाई, शिलाई या पायऱ्यांसाठी २००५ च्या सुमारास ‘गॉट्स’ ही जागतिक वस्त्रमानके आली. ९५ टक्के तंतू सेंद्रिय असेल तर कापडाला ‘सेंद्रिय’ म्हणता येते. किमान ७० टक्के असेल तर ‘सेंद्रिय कापूस वापरून केलेले’ एवढेच. क्लोरीनने पांढरे करणे निषिद्ध. कर्करोगकारक अमाइन सोडणारे अ‍ॅझो रंग निषिद्ध. तशा ११२ रंगांवर भारत सरकारने १९९० च्या दशकातच बंदी घातली, तीही जर्मनीने अशा रंगांचे कापड घेण्याचे नाकारल्यानंतर. कापड चुरगळू नये म्हणून वापरली जाणारी फॉर्मल्डिहाइडची राळही सेंद्रिय कापडाला वर्ज्य आहे.

लाभ कोणते आणि किती

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सेंद्रिय कापसाचा तंतू आणि साध्या कापसाचा तंतू रसायनशास्त्राच्या दृष्टीने एकच, दोन्ही सेल्युलोज. कापड भट्टीत कॉस्टिकने उकळून निघते, तेव्हा शेतातील कीटकनाशकाचा अंश फारसा शिल्लक राहत नाही. त्यामुळे ‘साधे सुती झबले घातले तर बाळाला विष चढते’ असा प्रचार काही विक्रेते करतात, तो भीतीचा व्यापार होय. सेंद्रिय कापसाचा पहिला आणि निर्विवाद लाभ शेतात राबणाऱ्याला, त्याच्या विहिरीच्या पाण्याला आणि मातीला आहे.

बाळाचा लाभ येतो तो मुख्यतः पुढील प्रक्रियेतून. नवजात बालकाची त्वचा प्रौढांच्या मानाने पातळ असते, आणि वजनाच्या तुलनेत अंगाचा पृष्ठभाग अधिक असतो, म्हणून त्वचेवर जे लागते त्याचा परिणाम त्याच्यावर अधिक. शिवाय बाळ कापड केवळ नेसत नाही, चोखते. युरोपात १९९२ पासून प्रचलित असलेल्या ‘ओको-टेक्स’ मानकाने तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कापडासाठी सर्वांत कडक वर्ग ठेवला आहे आणि त्यात लाळेने रंग सुटता कामा नये अशी कसोटी घातली आहे. जपानने तर १९७० च्या दशकातच दोन वर्षांखालील मुलांच्या कपड्यांतील फॉर्मल्डिहाइडवर कायद्याने निर्बंध आणला. या कसोट्या उतरलेले साधे सुती कापडही बाळाला चांगलेच. पण सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कापडात त्या एकत्र बांधून येतात, हा त्याचा खरा उपयोग.

सुताचे स्वतःचे गुण तर आहेतच. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी निजलेल्या बाळाच्या पाठीवर घामोळे का येते, याचे उत्तर पुष्कळदा अंथरलेल्या चकचकीत चादरीत सापडते. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, धुरी, दिवा असतो. सूत पेटते हे खरे, पण कृत्रिम धाग्याप्रमाणे वितळून कातडीला चिकटत नाही. घरातील इतर वस्तूंविषयी, म्हणजे पंचे, टॉवेल, उशांचे अभ्रे, पोळ्यांची फडकी, यांविषयी निराळे सांगावयास नको. भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापूरच्या चादरीने आणि टॉवेलने सुताचे नाव शंभर घरांत टिकविले आहे. गावरान कापसाच्या आखूड, जाड धाग्याला तलम कापडासाठी कोणी विचारीत नाही, पण पाणी शोषण्यात तो सरस. दवाखान्यातील कापसाला तोच पसंत केला जातो आणि बाळोत्यालाही तोच शोभावा. लांब धाग्याच्या मागे लागून ज्याला हद्दपार केले, त्या वाणाचा हा गुण ध्यानी यावयास अर्धशतक लागले.

भाव हा अडथळा आहेच. सेंद्रिय झबल्याची किंमत अनेकदा साध्याच्या दुप्पट-तिप्पट असते आणि त्यातील शेतकऱ्याच्या पदरात पडणारा हिस्सा अल्प असतो. बाकीचा खर्च प्रमाणपत्रांत, वेगळ्या साठवणीत, वाहतुकीत आणि वेष्टनाच्या झगमगाटात विरतो. ज्या घरात हा खर्च झेपत नाही, त्या घराने मादरपाटाचे कोरे कापड आणून, चार-पाच वेळा गरम पाण्यात धुऊन, खळ काढून, उन्हात वाळवून त्याची दुपटी केली तरी बाळाच्या दृष्टीने बहुतेक काम साधते. यात शेतकऱ्याचा लाभ होत नाही, एवढे मात्र मान्य करावे लागेल.

आणि राहिला शुद्धतेचा प्रश्न. भारत हा कैक वर्षे जगातील सर्वांत मोठा सेंद्रिय कापूस उत्पादक देश म्हणून मिरवीत आला. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये ‘गॉट्स’ संस्थेने जाहीर केले की भारतातील तब्बल २०,००० टन कापूस बनावट व्यवहारपत्रांच्या आधारे सेंद्रिय म्हणून खपविण्यात आला होता. काही कंपन्यांवर बंदी आली. पण तोवर जे कापड विकले गेले ते गेले, आणि ज्या शेतकऱ्यांनी तीन-तीन वर्षे तोटा सोसून खरा सेंद्रिय कापूस पिकविला, त्यांच्या मालाकडेही ग्राहक संशयाने पाहू लागला. १८६३ मध्ये कापसात माती मिसळली जात होती, ती निदान हाताला लागत असे. कागदात मिसळलेली माती हाताला लागत नाही.

कापडाच्या दुकानात सूत ओळखण्याची जुनी रीत अशी : थानाच्या कडेचा एक धागा उपसावयाचा, काडी पेटवून ज्योतीला लावावयाचा. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटांत चिमटताच राखेची मऊ पूड झाली तर ते सूत. काळी, टणक गुठळी उरली तर त्यात पॉलिस्टर. ही कसोटी आजही अचूक आहे. परंतु धागा सेंद्रिय कापसाचा की साध्या, हे ज्योत सांगत नाही, भिंगही सांगत नाही. ते ठरते केवळ झबल्याच्या पट्टीवरील परवाना क्रमांकावरून. हा क्रमांक प्रमाणन संस्थेच्या सार्वजनिक यादीत कोणालाही ताडून पाहता येतो. क्रमांक छापलेला नसेल, किंवा यादीतील नाव आणि पट्टीवरील नाव जुळत नसेल, तर ते वस्त्र साध्या सुती कापडाच्या भावाने घ्यावे.